आधी रक्त, मग गोळी

"टायफॉईड निघाला होता," वडील पुन्हा सांगतात आणि पिशवीतून रिपोर्ट काढून पुढे करतात. चार घड्या पडलेला कागद. रेसिडेंट डॉक्टर तो उलगडते, विडाल टेस्टच्या आकड्यांवरून नजर फिरवते आणि खाटेवर ठेवून देते. तिला हवा तो कागद दुसराच आहे.

"बाबा, ऑपरेशनचं कार्ड कुठंय? झडप बदलली तेव्हा दिलेलं?"

"ते हाय की घरी. पेटीत ठेवलंय, रेशनकार्डासंगं."

परळमधलं सार्वजनिक रुग्णालय, हृदयविकाराचा वॉर्ड, सोमवारची सकाळ. राउंड अजून यायचाय. मामा ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत नेतायत, मावशी फरशी पुसता पुसता नातेवाइकांना बाहेर काढतायत आणि नातेवाईक दुसऱ्या दाराने आत येतायत. मी सिस्टरच्या टेबलालगतच्या स्टुलावर बसलोय. विभागाने परवानगी दिली आहे ती एका अटीवर: कुणाच्या मधे यायचं नाही.

खिडकीजवळच्या खाटेवरची ही मुलगी एकोणीस वर्षांची आहे, बार्शीकडची. बाहेर मुंबईचा ऑक्टोबर रटरटतोय आणि हिच्या अंगात स्वेटर आहे, वर चादर. थर्मामीटर १०१.८ दाखवतो. तीन आठवडे झाले, ताप येतोय आणि जातोय. रात्री घाम असा फुटतो की उशीचा अभ्रा पिळावा लागतो. जेवण तुटलंय. कॉलेजच्या जिन्यावर धाप लागायला लागली तेव्हा कुठे घरच्यांना मुंबई आठवली.

मधल्या काळात काय काय झालं ते वडील हिशेब मांडल्यासारखं सांगतात. गावातल्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला, चार दिवसांनी परत आला. मग मेडिकलवाल्याने त्याच गोळ्या पुन्हा दिल्या, या खेपेला चिठ्ठी न मागता. मग तालुक्याला सलाईन, विडाल टेस्ट, टायफॉईड, दुसरं अँटिबायोटिक. शेवटची गोळी परवा रात्री पोटात गेलीय.

"छातीवरचा वण कुणी पाहिला नाही?" डॉक्टर विचारते.

"तापाला गेलो होतो की ओ आम्ही. छातीचं झालंय की समदं."

झालंय की समदं. ही समजूत एकट्या वडिलांची नाही. ऑपरेशन होऊन मूल घरी आलं, पेढे वाटले, की हृदयाचं प्रकरण मिटलं असं आपण सगळेच धरून चालतो.

आजी पायथ्याशी बसलीय. डॉक्टर नोंद करायला लहानपणचं विचारते तेव्हा उत्तरं तीच देते, वडील गप्प राहतात. "लंगडी खेळता खेळता मधीच उकिडवी बसायची. ओठ जांभळे व्हायचे. आम्ही म्हणायचो, जांभळं खाल्ली का गं." शाळेत तपासणीची गाडी आली तेव्हा तिच्यातल्या डॉक्टरांनी पोरीची नखं बघितली आणि थेट जिल्ह्याला पाठवलं. ती गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्याच पालघरमधून सुरू झाला. एरवी ही मुलगी कुणाच्या नजरेला पडली असती की नाही, कोण जाणे.

आजाराचं नाव टेट्रालॉजी ऑफ फॅलो. फॅलो या फ्रेंच डॉक्टराने १८८८ साली त्यातले चार दोष एकत्र मांडले. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, हे त्यातले मुख्य. निळं, अशुद्ध रक्त फुप्फुसाकडे न जाता आडवाटेने शरीरात मिसळतं. उकिडवं बसलं की पायांकडचा प्रवाह अडतो, शरीरातला दाब वाढतो आणि थोडं जास्त रक्त फुप्फुसाकडे ढकललं जातं. मुलं हे आपसूक करतात, कुणी शिकवावं लागत नाही.

हिचं ऑपरेशन आठव्या वर्षी झालं. भोक बुजवलं, वाट रुंद केली. पण वाट रुंद करताना तिथली मूळची झडप बहुतेक वेळा कामातून जाते. मग वर्षानुवर्षं रक्त उलटं गळत राहतं, उजवा कप्पा फुगत जातो आणि मूल वयात येता येता नवी झडप बसवायची वेळ येते. हिला ती तीन वर्षांपूर्वी बसवली.

आजीच्या भाषेत, "वाल बदललाय." आणि मग, वडिलांना कधी विचारता आलं नसेल ते ती विचारते. "डॉक्टरबाई, त्यो वाल कशाचा म्हणायचा?"

डॉक्टर एक क्षण वडिलांकडे बघते आणि सरळ सांगते. गुरांच्या मानेतल्या शिरेत निसर्गतःच तीन पाकळ्यांची झडप असते. ती शीर काढून, औषधात मुरवून, निर्जंतुक करून नळीसारखी बसवतात.

आजी पदराने तोंड पुसते. "मंजी जित्राबानं पोर जगवली." थोड्या वेळाने, "आन् आता तितंच कीड लागली?"

"तीच शंका आहे आजी. तेच बघायचंय."

डॉक्टर मुलीचे हात हातात घेते, नखं उजेडात धरते, तळवे दाबून बघते, मग पावलं. हृदयाच्या आतल्या अस्तराला किंवा झडपेला जंतू चिकटले, की तिथे गाठोडं जमतं आणि त्याचे कण सुटून रक्तातून फिरतात. डाव्या बाजूच्या झडपांवरचे कण हातापायांकडे, मेंदूकडे जातात. नखांखाली बारीक रेघा उमटतात, बोटांच्या टोकाला दुखऱ्या गाठी येतात. हिच्या हातांवर यातलं काही नाही. म्हणून हायसं वाटायचं कारण नाही. हिची झडप उजव्या बाजूची, फुप्फुसाच्या तोंडावरची. तिथून सुटलेले कण फुप्फुसातच अडकतात. खोकला येतो, कुशीत दुखतं, एक्स-रेवर डाग दिसतो आणि न्यूमोनियाचं औषध सुरू होतं. असे रुग्ण दोन-दोन महिने चुकीच्या दाराशी उभे असतात.

"खोकला आहे का?"

"थोडासा. इथं दुखतं," मुलगी उजव्या बरगडीवर हात ठेवते. एवढ्या वेळात तिने काढलेला हा पहिला शब्द.

आता सिस्टर ट्रे घेऊन येतात. पन्नाशीच्या आहेत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. ट्रेमध्ये कल्चरच्या दोन बाटल्या, आतलं द्रावण तपकिरी, एका बाटलीत हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी आणि दुसरीत हवेशिवाय वाढणाऱ्यांसाठी. त्या बाटल्यांची झाकणं उडवतात आणि खालचं रबर स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात. "नवीन पोरं हे विसरतात," मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणतात. "झाकण होतं म्हणजे रबर स्वच्छ, असं समजतात."

दंडाला रबरी पट्टा. शीर बोटाने चाचपून झाली की क्लोरहेक्झिडिनने कातडी घासायची, चांगली अर्धा मिनिट, आणि वाळू द्यायची. फुंकर मारायची नाही, पुन्हा बोट लावायचं नाही. वाळेपर्यंत सिस्टर नुसत्या उभ्या. वॉर्डातल्या धावपळीत एवढा वेळ स्वस्थ उभं राहणारं मला दुसरं कुणी दिसलेलं नाही. एवढा सोवळेपणा पाळायला कारण आहे. आपल्या कातडीवर राहणारा एक गरीब दिसणारा जंतू, स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, एरवी कुणाला त्रास देत नाही, पण कृत्रिम झडपेवर मात्र तो बिनदिक्कत घर करतो. तो बाटलीत सापडला, तर झडपेवरून आलाय की सुईबरोबर कातडीवरून आलाय हे सांगणार कोण? म्हणून रक्त एकदा घेऊन भागत नाही. वेगवेगळ्या शिरांतून, मधे वेळ ठेवून, तीनदा घ्यायचं. तिन्ही वेळा तोच जंतू निघाला, तर मग तो पाहुणा नव्हे.

एका बाटलीत दहा मिली, दुसरीत दहा. तीनदा मिळून साठ मिली.

"येवढं रगत?" आजी उठूनच उभी राहते.

सिस्टर समजावतात, की रक्तात हे जंतू थव्याने नसतात. एका मिलीत कधी एखादाच सापडतो. कमी रक्त घेतलं तर नेमका तो निसटायचा. बाटल्यांवर नाव, वेळ, कुठल्या हातातून घेतलं ते लिहून होतं. बाटलीच्या तळाला करड्या-हिरव्या रंगाची चकती आहे. जंतू वाढले, त्यांनी कार्बन डायऑक्साइड सोडला, की ती पिवळी पडते; प्रयोगशाळेतलं यंत्र दिवसरात्र तेवढ्यावर नजर ठेवतं. काहीच वाढलं नाही, तर पाच दिवसांनी कोरा निकाल.

आणि इथेच मेख आहे. अँटिबायोटिक पोटात गेलेलं असलं, की झडपेवरचे जंतू मरत नाहीत, पण रक्तातले तेवढे दबतात. बाटलीत काही वाढत नाही. आजार आहे, पण कोणत्या जंतूने केला ते माहीत नाही, म्हणजे नेमकं औषध कोणतं तेही माहीत नाही. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांच्या अनेक नोंदींत, संसर्ग असूनही रक्तात जंतू न सापडलेल्या रुग्णांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं. त्यामागचं एक मोठं कारण आधीच घेतलेल्या गोळ्या हे आहे. कायद्याने चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकता येत नाही. कायदा आपल्या जागी आहे आणि मेडिकलचं काउंटर आपल्या जागी.

राउंड येतो. मॅडम पुढे, मागे सहा-सात जण. रेसिडेंट भराभर माहिती देते आणि "गेल्या तीन आठवड्यांत दोन अँटिबायोटिक्स, कल्चर न घेता" या वाक्याला तिचा आवाज किंचित खाली येतो. मॅडम कुणावर चिडत नाहीत. मुलीला म्हणतात, "तोंड उघड बाळ," आणि टॉर्च मारतात. खालची एक दाढ पार पोखरलेली. हिरड्या सुजलेल्या.

"ब्रश करताना रक्त येतं?"

मुलगी मान हलवते.

"किती दिवस?"

"लई दिवस."

मॅडम टॉर्च बंद करतात. "दातांची नोंद घ्या. पहिल्या पानावर."

इकोच्या खोलीत अंधार आणि एसीचा गारवा. मुलगी कुशीवर झोपलीय, छातीच्या वणालगत जेल. पडद्यावर करड्या सावल्या उघडमीट करतात. फुप्फुसाकडची ही झडप छातीच्या हाडामागेच असते, त्यात कृत्रिम नळी. ध्वनिलहरींना आत शिरायला वाट सापडत नाही. इको करणारा डॉक्टर प्रोब तिरपा करतो, दाबतो, मुलीला श्वास रोखायला सांगतो. झडपेला काही लोंबताना दिसत नाही. मग तो रक्ताचा वेग मोजतो, संगणकातला जुना रिपोर्ट उघडतो. झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक गेल्या वर्षी २२ होता. आज ५६.

"वाट अडलीय," तो म्हणतो. "कशाने ते दिसत नाहीये."

झडपेवर जंतूंचा थर चढला, की पाकळ्या जाडावतात, नीट उघडत नाहीत. गाठोडं दिसो न दिसो, ताप आणि असा अचानक वाढलेला दाब एकत्र आले की जाणते डॉक्टर दुसरं काही गृहीत धरत नाहीत. पुढची पायरी पेट-सीटी. संसर्ग असेल तिथे शिरेतून दिलेली किरणोत्सारी साखर गोळा होते आणि ती जागा उजळते. तारीख गुरुवारची मिळते.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मॅडम मला पाच मिनिटं देतात, चालता चालता. मी विचारतो, झडप बदललेल्या सगळ्यांनाच हा धोका का?

"सगळ्यांनाच, पण सारखा नाही. हॉलंडमध्ये चौदा हजारांवर प्रौढ जन्मजात हृदयरुग्णांच्या नोंदी तपासल्या, २०१७ साली छापून आलंय. हजार जणांत वर्षाला एक-दोघांना हा संसर्ग. पण कृत्रिम झडप असलेल्यांना जास्त, आणि तो धोका सरत नाही. नुसता पॅच लावलेला असेल तर पहिले सहा महिने जपायचं. नंतर त्याच्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर चढतं. झडपेला तसली सवलत नाही."

गुरांच्या शिरेपासून केलेल्या झडपांना हा संसर्ग इतर काही झडपांपेक्षा अधिक होतो, हेही गेल्या वीसेक वर्षांत दिसून आलंय. फिलिप बोनहोफर यांनी २००० साली पॅरिसमध्ये एका मुलाला छाती न उघडता, शिरेतून नळी सरकवत फुप्फुसाची झडप बसवली, ती याच जातीची होती. हजारो मुलांची दुसरी-तिसरी मोठी शस्त्रक्रिया त्यामुळे टळली. मात्र अशा नळीवाटे झडप बसवलेल्यांच्या मोठ्या पाहणीत शंभरामागे वर्षाला साधारण दोघांना संसर्ग झालेला आढळला. आकडा लहान वाटतो. पण तो दर वर्षाचा आहे, आणि झडप बसते पंधराव्या-सोळाव्या वर्षी.

खाटेशी परत आल्यावर मॅडम हेच आजीला त्यांच्या पद्धतीने सांगतात. "विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरतं ना आजी? वरून कितीही पाणी ओतलं तरी ते निघत नाही. तसं झालंय. झडपेत रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे शरीराचं सैन्य तिथे पोचत नाही, आणि औषधही वरवरच लागतं. म्हणून पाच दिवसांच्या गोळ्यांनी भागत नाही."

"मग किती दिस?"

"सहा आठवडे. रोज शिरेतून."

वडील खिडकीबाहेर बघतात. "सोयाबीन काढायला आलंय," ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणतात. पहिल्यांदाच मला त्यांचा राग येत नाही. सकाळपासून थोडा येत होता, हे कबूल केलं पाहिजे. पण तीन आठवड्यांत चार दारं फिरलेला हा माणूस निष्काळजी नाही. त्याला कुणी काय विचारायचं ते सांगितलेलं नव्हतं.

मुलीची नाडी, रक्तदाब ठीक आहेत, म्हणून तिसरं कल्चर होईपर्यंत काही तास थांबता येतंय. अत्यवस्थ असती, तर एका पाठोपाठ रक्त घेऊन लगेच औषध सुरू केलं असतं. संध्याकाळपासून व्हॅन्कोमायसिन आणि जेंटामायसिन लागतील; दोन्ही किडनीला जड, त्यामुळे क्रिएटिनिन सारखं तपासावं लागेल. एवढं करूनही संसर्ग हटला नाही, तर पुन्हा छाती उघडून झडप बदलायची. हे वाक्य मॅडम वडिलांना बाजूला घेऊन सांगतात.

दुपारी मी पलीकडच्या इमारतीत दंतविभागात जातो. योगायोगाने तिथे चिपळूणचा एक पंचविशीतला मुलगा बसलाय, त्यालाही फुप्फुसाचीच झडप बसवलेली. दाढ काढायची आहे. त्याने आल्या आल्या पाकिटातून प्लास्टिकमध्ये बंद केलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलंय. दंतवैद्य ताई ते वाचतात, पेनिसिलिनची अॅलर्जी नाही ना हे दोनदा विचारतात आणि अमॉक्सिसिलिनच्या पाचशेच्या चार कॅप्सूल त्याच्या तळहातावर ठेवतात.

"चारही एकदम?"

"चारही. आणि अर्धा-पाऊण तास इथेच बसायचं."

दोन ग्रॅम, एकदाच, काम सुरू व्हायच्या अर्धा ते एक तास आधी. लहान मुलांना वजनावर, किलोमागे पन्नास मिलिग्रॅम. पूर्वी हृदयाला बारीकशी खोट असलेल्या सगळ्यांनाच असा डोस देत. अमेरिकेच्या हृदयसंघटनेने २००७ साली यादी आखडती घेतली, इंग्लंडने २००८ साली ही पद्धत जवळजवळ बंदच केली आणि पुढे थोडं नमतं घेतलं. पण अमेरिकेच्या आखडलेल्या यादीतही कृत्रिम झडपवाले आहेत, ज्यांना हा संसर्ग एकदा होऊन गेलाय तेही आहेत. ताई म्हणतात, "कॅप्सूलचं सगळ्यांच्या लक्षात राहतं हो. पण हिरड्या खराब असतील तर रोज ब्रश करताना, जेवताना जंतू रक्तात जातात. दाढ आयुष्यात दोनदा काढाल, जेवाल रोज. त्याला कॅप्सूल कुठे पुरणार?"

म्हणजे बार्शीच्या मुलीचा संसर्ग त्या दाढेतूनच आला का? तसं छातीठोकपणे कुणी सांगत नाही. जंतू कळला तर अंदाज येईल: तोंडातला स्ट्रेप्टोकॉकस निघाला तर संशय दाताकडे, स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला तर एखाद्या गळवाकडे, चिघळलेल्या नखुरड्याकडे, जत्रेत काढलेल्या टॅटूकडे. दुपारी तिसरं कल्चर घेताना सिस्टर तिच्या नाकातली चमकी किती जुनी, तेही विचारून घेतात.

चार वाजता सहाही बाटल्या प्रयोगशाळेत पोचलेल्या असतात. निकाल शनिवारपर्यंत येईल.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात, शेजारात, वर्गात झडप बदललेलं मूल किंवा तरुण असेल, तर चार गोष्टी सांगून ठेवा. ऑपरेशनच्या कार्डाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये असू द्या. ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल; पण अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना वण दाखवून ब्लड कल्चर मागा, आणि तालुक्याला सोय नसेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथे फोन करा. गळू, नखुरडं अंगावर काढू नका. टॅटूचा आणि टोचून घ्यायचा हट्ट शक्यतो मोडून काढा. आणि दर सहा महिन्यांनी दात दाखवा, दुखत नसले तरी.